परग्रहावरचे पाहुणे आणि क्वेबेकचा प्रश्न

टोरांटो-न्यूजर्सीकडची पाहुणेमंडळी मॉन्ट्रियलला आली की पहिल्या दिवशी जुनं बंदर बघतात, दुसऱ्या दिवशी बेगल खातात, आणि तिसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर बडीशेप चघळत हमखास विचारतात, "काय हो, तुमचं क्वेबेक शेवटी वेगळं होणार की नाही?" २००३ पासून मी इथे आहे. इतक्या वर्षांत या प्रश्नावर मी "बघू या" एवढंच उत्तर देत आलो. एक तर विषय नाजूक, आणि दुसरं म्हणजे शेजारी ऐकत असतो! या वेळी संपादकांनी "आवडलेल्या एखाद्या सिनेमावर लिहा" असं सांगितलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की माझा आवडता सिनेमा आणि पाहुण्यांचा हा प्रश्न यांचं नातं फार जवळचं आहे. तेव्हा आज दोन्हींबद्दल एकदमच लिहितो.

सिनेमाचं नाव ‘अरायव्हल’. २०१६ च्या नोव्हेंबरात तो आला. आमच्याकडे तो इंग्रजीतही लागला आणि फ्रेंचमध्येही. फ्रेंचमध्ये त्याचं नाव ‘लारिव्हे’, म्हणजे सरळ ‘आगमन’. गंमत अशी, की खुद्द फ्रान्समध्ये तो ‘प्रमिए कोंताक्त’ या वेगळ्याच नावाने दाखवला गेला. क्वेबेकचा कारभार हा असा असतो. फ्रान्समध्ये चौकातल्या लाल पाटीवर खुशाल ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे तिथे फ्रेंच शब्द, ‘आरे’! नवीन आलेल्या मराठी माणसाला वाटतं, प्रत्येक कोपऱ्यावर आपल्याला कुणी तरी हाक मारतंय. केंटकीच्या तळलेल्या कोंबडीचं नावसुद्धा इथे फ्रेंच आद्याक्षरांनी ‘पीएफके’ झालेलं आहे.

असो. सिनेमा विज्ञानकथेचा. जगात बारा ठिकाणी एकाच वेळी प्रचंड मोठी, शिंपल्याच्या आकाराची, काळीभोर यानं येऊन जमिनीपासून थोड्या उंचीवर नुसती तरंगत राहतात. ना हल्ला, ना संदेश. विमानं पाठवा, पोलादी घुमट फोडा, असला प्रकार इथे नाही. अमेरिकन सैन्य काय करतं, तर लुइझ बँक्स नावाच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिकेला बोलावून आणतं. एमी अ‍ॅडम्सने ही भूमिका इतकी मनापासून केली आहे, की विज्ञानकथा नावडणारी आमची ही सुद्धा शेवटपर्यंत जागी राहिली. यानाच्या पोटात शिरताना गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलते आणि माणसं भिंतीवरून चालू लागतात, तो प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहताना मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. धुक्यामागून सात पायांचे ते प्राणी पुढे येतात आणि शाईच्या फवाऱ्याने हवेत गोल गोल आकृती काढतात. एक आकृती म्हणजे एक अख्खं वाक्य, ज्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. सिनेमाचा शेवट मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही.

पण एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. लष्कराच्या कर्नलला घाई झालेली आहे. त्याला पाहुण्यांना एकच विचारायचं आहे, तुम्ही पृथ्वीवर कशासाठी आलात? मग त्यांना ‘खाणं’, ‘चालणं’ असले बालवाडीतले शब्द शिकवण्यात वेळ का घालवायचा? लुइझ फळ्यावर तो प्रश्न लिहिते आणि त्याचा एकेक शब्द सोडवून दाखवते. पहिली गोष्ट, ‘प्रश्न’ म्हणजे काय हे तरी समोरच्याला कळतं का? दुसरं, यातला ‘तुम्ही’ म्हणजे समोर उभा असलेला एक जण की सगळे मिळून? तिसरं, ‘कशासाठी’ विचारताना हे लोक हेतू ठेवून वागतात असं आपण गृहीत धरतो. ते खरं आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यांनी उत्तर दिलं तर ते कळण्याइतके शब्द आपल्यापाशी हवेत. दोन मिनिटांचा प्रसंग असेल. मी इंजिनियर, माझं आयुष्य स्पेसिफिकेशन वाचण्यात गेलं. अर्धवट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर किती महागात पडतं हे मला ठाऊक आहे. त्या प्रसंगाला मी थिएटरात टाळीच वाजवणार होतो.

आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोड गोष्ट त्यात आहे. कर्नल दुसऱ्या एका भाषातज्ज्ञाकडे जायला निघतो, तेव्हा लुइझ म्हणते, त्याला ‘युद्धा’साठी असलेला संस्कृत शब्द विचारा आणि त्याचा अर्थही विचारा. शब्द आहे ‘गविष्टि’. दुसरा तज्ज्ञ त्याचा अर्थ ‘वादावादी’ असा सांगतो. लुइझ सांगते, ‘आणखी गाई हव्यात अशी इच्छा’. गो अधिक इष्टि! ऋग्वेदातला हा शब्द हॉलिवूडच्या सिनेमात ऐकून शाळेतल्या संस्कृतच्या बाईंची आठवण झाली. पण मुद्दा लक्षात घ्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ लावले, तर भांडण कशावरून आहे हेच बदलून जातं.

हा सिनेमा क्वेबेकच्या माणसाने काढला यात मला काही नवल वाटत नाही. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह हा १९६७ साली जन्मलेला, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या जाँतियी गावचा. ‘ड्यून’चे २०२१ आणि २०२४ मधले दोन भाग त्याचेच. ‘अरायव्हल’मध्ये मोंटाना म्हणून दाखवलेली हिरवीगार दरी प्रत्यक्षात रिमूस्कीजवळच्या सें-फाबियाँची आहे. त्या गोल आकृत्या काढल्या मॉन्ट्रियलच्या चित्रकार मार्तीन बर्त्राँ यांनी. भाषाशास्त्राच्या बाबतीत सल्ला दिला मॅकगिल विद्यापीठाच्या प्राध्यापिका जेसिका कून यांनी. पावणेपाच कोटी डॉलरच्या आसपास खर्चून काढलेल्या या सिनेमाने जगभरात वीस कोटींच्या वर गल्ला जमवला, आणि तोही एका भाषाशास्त्रज्ञ बाईच्या फळ्यावर! आमच्या गावात दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचं की ‘बोंजूर-हाय’, यावर प्रांताच्या विधानसभेने २०१७ साली एकमताने ठराव केला होता. अशा ठिकाणी शब्दांच्या अर्थावर सिनेमा निघाला तर नवल ते काय?

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६० पर्यंत क्वेबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कारखान्यांचे मालक, बँकांचे साहेब आणि वरच्या जागांवरचे इंजिनियर बहुतेक इंग्रजी बोलणारे. साठच्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या शाही आयोगानेच दाखवून दिलं, की क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषिक पुरुषांची सरासरी कमाई इंग्रजी भाषिकांपेक्षा बरीच कमी होती. आपल्याच घरात पाहुण्यासारखं राहण्याची ही चीड होती. त्यातून वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, धरणं बांधली गेली आणि १९७७ साली भाषेचा ‘कायदा १०१’ आला. आपण परदेशातून आलेल्यांनी मुलांना सरकारी खर्चाने शिकवायचं, तर ते फ्रेंच शाळेतच, हा नियम त्याच कायद्याचा. मलासुद्धा इथे इंजिनियर म्हणून परवाना मिळवताना फ्रेंच येत असल्याचा दाखला द्यावा लागला. रोहित्र आणि वर्तुळखंडक हे शब्द मराठीत धड न शिकलेल्या माणसाने ते फ्रेंचमध्ये घोकले!

स्वातंत्र्याचा प्रश्न लोकांना दोनदा विचारला गेला. पहिल्यांदा २० मे १९८० ला. रेने लेव्हेक तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री होते. तो प्रश्न म्हणजे एक लांबलचक परिच्छेदच होता, शंभराच्या आसपास शब्दांचा. त्यात सार्वभौमत्व होतं, कॅनडाशी आर्थिक सहयोग होता, समाईक चलन होतं, आणि पुढे आणखी एक सार्वमत घेऊ असं आश्वासनही होतं. विचारलं होतं ते एवढंच, की वाटाघाटी करायला परवानगी देता का? सुमारे ६० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं.

दुसऱ्यांदा ३० ऑक्टोबर १९९५ ला. मी तेव्हा पुण्यात शाळेत होतो. पण मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींकडून त्या रात्रीच्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या आहेत, की आपण तिथेच होतो असं वाटतं. आमचे एक काका सांगतात, "अरे, टीव्हीवर ती दोन रंगांची पट्टी. आधी पूर्वेकडची गावं मोजली, तर ‘होय’ पुढे. मग मॉन्ट्रियलचे आकडे यायला लागले. ताटातला वरणभात गार झाला, पण कुणी उठलं नाही." शेवटी ‘नाही’ला ५०.५८ टक्के आणि ‘होय’ला ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा. मतदान ९३ टक्क्यांच्या वर झालं होतं! आणि बाद ठरलेली मतं किती? ८६,५०१. म्हणजे ज्या फरकाने देशाचं भवितव्य ठरलं, त्याहून जास्त मतं कचऱ्यात गेली. मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लाव्हालमधल्या शोमेदे मतदारसंघात तर अकरा टक्क्यांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. तो परदेशातून आलेल्यांची मोठी वस्ती असलेला भाग, त्यामुळे त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला.

पण मला त्या रात्रीपेक्षा त्या मतपत्रिकेवरच्या वाक्यात जास्त रस आहे. १९९५ चा प्रश्न साधारण असा होता: कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्यासंबंधीचं विधेयक आणि १२ जून १९९५ ला झालेला करार यांच्या मर्यादेत, क्वेबेक सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का?

आता लुइझसारखं हे वाक्य फळ्यावर लिहू या. ‘सार्वभौम’ म्हणजे काय? स्वतंत्र देश, वेगळा पासपोर्ट? ‘होय’ म्हणणाऱ्यांमध्ये त्या वेळी असेही लोक होते, ज्यांना वाटत होतं की यानंतरही आपण कॅनडातच राहू. ‘भागीदारी’ म्हणजे काय? भागीदारीला दोघं लागतात. दुसऱ्याने नको म्हटलं तर? ‘प्रस्ताव ठेवल्यानंतर’ म्हणजे प्रस्ताव मान्य झाल्यावर, की नुसता ठेवला की पुरे? आणि १२ जूनचा करार मतदान केंद्रात उभं राहून आठवायचा? तो करार स्वातंत्र्यवादी बाजूच्या तीन पक्षनेत्यांनी आपसात केलेला होता. कॅनडाची त्यावर सही नव्हती. पण नुसतं ‘करार’ वाचणाऱ्याला काय वाटेल?

‘होय’ वाल्यांचं म्हणणंही सांगितलं पाहिजे. ते म्हणतात, शब्द काहीही असोत, महिनाभर गल्लोगल्ली एकच चर्चा चालू होती, विषय काय आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. उगीच का शंभरातले त्र्याण्णव लोक मतदानाला गेले? यातही तथ्य आहे.

पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं. १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठा समतोल निकाल दिला: क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने ‘होय’ उत्तर आलं, तर बाकीच्या कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल. मग २००० साली ओटावाच्या संसदेने ‘स्पष्टता कायदा’ केला. प्रश्न स्पष्ट आहे का, हे संसद आधी तपासणार. नुसती वाटाघाटींची परवानगी मागणारा किंवा भागीदारीची गोळी साखरेत घोळून देणारा प्रश्न स्पष्ट मानला जाणार नाही. क्वेबेकच्या विधानसभेने त्याच वर्षी उलट कायदा केला, की निम्म्याहून एक मत जास्त म्हणजे बहुमत, आणि आमचं आम्ही ठरवू. दोन सरकारांत फळ्यावरच्या खडूसाठीच भांडण! प्रश्न कोण लिहिणार, हाच अर्धा प्रश्न आहे.

स्कॉटलंडने २०१४ साली हे काम जास्त नीट केलं असं मला वाटतं. तिथल्या सरकारचा पहिला मसुदा होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा हे तुम्हाला मान्य आहे का?’ निवडणूक आयोगाने तो लोकांना दाखवून तपासला आणि सांगितलं, की ‘तुम्हाला मान्य आहे का’ असं विचारलं की माणूस ‘होय’कडे झुकतो. ते शब्द काढा. मग इंग्रजीत फक्त सहा शब्दांचा प्रश्न उरला: स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? ५५ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. हरलेल्यांना दुःख झालं, पण प्रश्नच कळला नव्हता असं मात्र कुणी म्हणू शकलं नाही. आमचा १९९५ चा प्रश्न ‘तुम्हाला मान्य आहे का’ या शब्दांनीच सुरू होत होता, हे जाता जाता सांगतो.

पण प्रश्न कितीही स्वच्छ असला तरी एक गोष्ट उरतेच, आणि त्यासाठी परत सिनेमाकडे जायला हवं. सिनेमात चीनचे शास्त्रज्ञ पाहुण्यांशी माहजाँग या सोंगट्यांच्या खेळातून संवाद साधत असतात. लुइझला हे कळतं तेव्हा ती अस्वस्थ होते. खेळातून बोलायला शिकवलंत, की प्रत्येक विचार डाव-प्रतिडाव, जिंकलो-हरलो याच शब्दांत मांडला जाणार! सार्वमताचंही तेच होतं. ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच शब्द हातात दिले, की एका रात्रीत अर्धं गाव जिंकतं आणि अर्धं हरतं, आणि सकाळी दोघांनाही त्याच बसने कामाला जायचं असतं.

१९९५ च्या त्या रात्री हरलेल्या बाजूचे नेते, मुख्यमंत्री जाक पारिझो भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, आपण हरलो ते पैशामुळे आणि वांशिक मतांमुळे. वांशिक मतं म्हणजे कुणाची? ज्यूंची, ग्रीकांची, इटालियनांची आणि आपलीसुद्धा. हे वाक्य जगभर गाजलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. स्वातंत्र्यवाद्यांपैकीही अनेकांना त्या वाक्याची लाज वाटली होती, हेही तितकंच खरं. पण त्याच भाषणात त्याच्या थोडं आधी त्यांनी म्हटलेलं एक वाक्य मला जास्त बोचतं. त्याचा आशय असा, की क्वेबेकचे फ्रेंच भाषिक वगैरे म्हणणं सोडू या, ‘आपण’ म्हणू या. ‘आपल्या’पैकी साठ टक्क्यांनी ‘होय’ म्हटलं.

फ्रेंचमध्ये त्यांनी ‘नू’ हा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचं ‘वी’ होईल. पण मराठीत हे वाक्य लिहिताना माझा हात थबकतो, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. पॉटलक संपल्यावर कुणी "आम्ही निघतो" म्हणाला तर तुम्ही बसून राहता. "आपण निघू या" म्हणाला तर कोट घालता! ही सोय फ्रेंचमध्येही नाही आणि इंग्रजीतही नाही. पारिझोंचा ‘नू’ हा ‘आम्ही’ होता. आणि त्याच दिवशी मतपत्रिकेवर त्यांच्या सरकारने जो प्रश्न विचारला, त्यातलं क्वेबेक हे ‘आपण’ होतं. मत द्यायला आमचे काकाही रांगेत उभे होते. माझ्या मते १९९५ ची खरी फट प्रश्नातल्या लांबलचक शब्दांत नव्हती, ती या दोन शब्दांच्या मधे होती.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. भाषेसाठी माणूस किती पेटतो हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आणि सार्वमतही आपण पाहिलेलं आहे. गोव्याकडची मंडळी विसरली नसतील. १६ जानेवारी १९६७ ला गोमंतकीयांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती, विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. सुमारे ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली. गंमत पुढेच आहे. विलीनीकरणाचा झेंडा घेतलेले भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत पुन्हा निवडून आला! म्हणजे ‘दोन पानं’ म्हणणाऱ्यांना बांदोडकर नको होते असं नव्हे. त्यांना मुंबईहून चालणारा कारभार नको होता, कोकणी ही मराठीची बोली आहे असं कुणी परस्पर ठरवायला नको होतं. आम्ही मुंबई-पुण्याचे लोक ‘आपण सगळे मराठीच’ असं प्रेमाने म्हणत होतो. समोरच्याला मात्र तो ‘आपण’ आपला वाटत नव्हता. क्वेबेककडे पाहताना हे विसरून चालणार नाही. तिथे आपण मोठ्या घरातले होतो, इथे लहान घरातले आहोत, एवढाच फरक.

आमच्या घरी हा विषय आता ‘बघू या’वर भागत नाही. २०२२ च्या निवडणुकीत पार्ती केबेक्वा या स्वातंत्र्यवादी पक्षाला फक्त तीन जागा मिळाल्या होत्या, पण नंतर पोटनिवडणुका जिंकत तो वर आला, आणि सत्ता मिळाली तर २०३० च्या आत तिसरं सार्वमत घेऊ असं त्याच्या नेत्याने जाहीर केलं. आमची थोरली इथेच जन्मली, फ्रेंच शाळेत शिकली. अशा मुलांना इथे ‘कायदा १०१ ची मुलं’ असंच म्हणतात. तिच्या मैत्रिणींत हैतीची आहे, अल्जीरियाची आहे, व्हिएतनामची आहे, आणि सगळ्यांची आपसातली भाषा फ्रेंच. तिने मला एकदा सरळ विचारलं, "बाबा, मराठीसाठी तुम्हाला राज्य मिळालं ते बरोबर, मग यांना देश हवासा वाटला तर चूक कसं?"

मी म्हटलं, "अगं, आपल्याला राज्य मिळालं ते भारतात राहून."

"मग क्वेबेकलाही प्रांत १८६७ पासून आहेच की! तरीही त्यांना भीती वाटते. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत, असं तुम्हीच सांगता. इथे अख्ख्या क्वेबेकची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, आणि भोवती इंग्रजीचा समुद्र."

तिच्या आईने विचारलं, "आणि आपलं पेन्शन? घराचं मॉर्गेज? बाबांची नोकरी?" त्यावर ती म्हणाली, "हे प्रश्न खरे आहेत. पण ते ‘किती खर्च येईल’चे प्रश्न आहेत, ‘बरोबर की चूक’चे नाहीत." पोरगी वकील होणार बहुतेक!

मी वीजवाला माणूस, तेव्हा मी तिला विजेचं उदाहरण दिलं. फार लोकांना माहीत नसतं, की विजेच्या बाबतीत क्वेबेक केव्हाच वेगळं झालेलं आहे. शेजारच्या ओंटारियो, न्यूयॉर्कची जाळी एका ठेक्यात चालतात. क्वेबेकचं जाळं आपल्या स्वतंत्र ठेक्यात चालतं. दोघांमधली देवाणघेवाण मुख्यतः एकदिश प्रवाहाच्या केंद्रांतून होते, म्हणजे वीज पलीकडे जाते पण धक्का जात नाही. १४ ऑगस्ट २००३ ला न्यूयॉर्क-टोरांटो अंधारात बुडाले, तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये दिवे चालू होते. त्यानंतर काही दिवसांनीच मी इथे मास्टर्ससाठी उतरलो, आणि वेगळं असण्याचं कौतुक तेव्हा मी जिकडेतिकडे ऐकलं. पण १३ मार्च १९८९ ला सूर्यावरच्या वादळाने क्वेबेकचं जाळं दीड मिनिटात कोसळलं, आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले, तेही वेगळेपणानेच. तात्पर्य, वेगळं असण्याचा फायदा आहे आणि किंमतही आहे. आणि वेगळं राहूनसुद्धा मधली तार लागतेच. ती तार कशी असेल, कोण सांभाळेल, हे आधी ठरवा आणि मग लोकांना विचारा. थोरलीला हे पटलं की नाही ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "पण तारेचं डिझाइन ‘आपण’ मिळून करायचं की ‘त्यांनी’ केलेलं आपण बघायचं?"

खरं सांगायचं तर आज माझा कल ‘नाही’कडे आहे. कॅनडाने मला नागरिक करून घेतलं, आणि घर दोन वेळा बदलायची ताकद आता माझ्यात नाही. पण थोरलीचा कल उद्या ‘होय’कडे गेला, तर ती फितूर झाली असं मी म्हणणार नाही, उलट क्वेबेकने तिला ‘आपण’ म्हटलं म्हणूनच ते घडलं असेल. आणि तिसऱ्यांदा प्रश्न आलाच, तर आमच्या जेवणाच्या टेबलावर तो कागदावर लिहून आधी एकेक शब्द सोडवायचा असं ठरलं आहे. ‘देश’ म्हणजे काय, ‘भागीदारी’ म्हणजे काय, बहुमत किती, आणि यातला ‘नू’ कोणता. धाकट्यालाही त्यात घेणार आहोत. त्याला मत नाही, पण त्याचं फ्रेंच व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे!

तोपर्यंत वाचकांना एकच विनंती. एखाद्या हिवाळी शनिवारी, बाहेर बर्फ पडत असताना, मुलांना घेऊन ‘अरायव्हल’ लावा. चिवडा हाताशी ठेवा, सुरुवातीची दहा मिनिटं कुणी बोलू नका, आणि फळ्याचा प्रसंग आला की जरा थांबवून मुलांना विचारा, यातला ‘तुम्ही’ म्हणजे कोण? मराठीतून विचारा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यातला फरक त्यांना समजावून सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.